आबा बांधावर काय म्हणाले

हरेश भर दुपारी घरी आला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. सकाळच्या पाळीचा माणूस पाळी संपल्याशिवाय गेटाबाहेर पडत नाही. मी अंगणात मांडवावरचे बोंबील काढून टोपलीत भरत होते. दिवाळी होऊन गेली होती, तरी आभाळ आषाढासारखं काळवंडलं होतं आणि वाऱ्याला दिशा म्हणून राहिली नव्हती. हरेशनं मोटरसायकल बंदसुद्धा केली नाही.

"कुंदा, ते राहू दे. तनूला घे, आबांना घे आणि कॉलनीतल्या शाळेत चल."

"अरे, एवढे बोंबील भिजतील."

"भिजू देत!"

तो माझ्यावर कधी ओरडत नसे. आम्ही एकाच गावातले, एकाच शाळेत शिकलेले. लग्नानंतरही मी त्याला अरेतुरेच करायची. मी टोपली खाली ठेवली.

आबा, म्हणजे माझे सासरे बुधाजी तांडेल, ओट्यावर जाळं सांधत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण मान वर केली नाही.

"काय म्हनतो तो?" त्यांनी मला विचारलं.

"आबांना सांग, मोठं वादळ येतंय," हरेशनं मला सांगितलं.

आमच्या घरी हे असंच चालायचं. बापलेक एकमेकांशी बोलत नसत. हरेश, पूर्ण नाव हरेश्वर, भट्टीत नोकरीला लागला त्या दिवसापासून आबांनी त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. आमच्या वरसाळे गावात त्याला अणुऊर्जा प्रकल्प कुणी म्हणत नसे, सगळे भट्टीच म्हणत. भट्टीच्या भिंतीसाठी गावाची मासळी वाळवायची जागा गेली. ती वाचवायला आबा माणसं घेऊन कचेरीच्या दारात बसले होते, पाठीवर लाठ्या खाल्ल्या होत्या. आणि पुढे त्यांचाच मुलगा त्या गेटातून आत गेला. हरेशचं म्हणणं, जागा तर गेलीच, निदान चूल तरी पेटू दे. आबांनी त्याला घराबाहेर काढलं नाही; फक्त त्याच्याशी बोलणं संपवलं. दोघं एका पंगतीला जेवायचे. मधे मी.

हरेश गावाला सांगायला होळीच्या मैदानाकडे निघाला, तशी मीही तनूला कडेवर घेऊन मागोमाग गेले. सहा वर्षांची पोर, कडेवर घ्यायच्या वयाची नव्हती, पण वारा तसा होता.

मैदानात बरेच लोक होतेच. होड्या वर ओढून झाल्या होत्या आणि आता काय करायचं हे ठरत नव्हतं. हरेश पारावर चढला.

"वादळ आणि उधाण एकाच वेळी येतंय," तो म्हणाला. "पाणी गावात शिरणार. कॉलनीतली शाळा टेकाडावर आहे, पक्की आहे. खोल्या उघडून ठेवल्यात. सगळ्यांनी तिकडे चला."

"कॉलनीत?" टेम्पोवाला केशव वैती म्हणाला. "म्हंजे भट्टीच्या कुशीत?"

जपानात समुद्र आत घुसला आणि तिथली भट्टी फुटली, ते सगळ्या गावानं टीव्हीवर पाहिलं होतं. त्याला फार दिवस झाले नव्हते. घरं काडेपेट्यांसारखी वाहत होती आणि त्यामागे तो पांढरा धूर. आबा तर त्या दिवसांत टीव्हीपुढून हलले नव्हते. "त्यांच्याकडं एवढं शहानपन, तर त्यांचं हे झालं," एवढंच बोलले होते. त्यानंतर प्रकल्पाचे साहेब गावात आले, पडदा लावून चित्रं दाखवली, आपली भिंत किती उंच ते समजावलं. आमच्या शेजारच्या मथुरामावशीनं उठून विचारलं, "मंग परवा भोंगा का वाजला?" साहेब म्हणाले, "ती तांत्रिक बाब होती. काही झालेलं नाही." आम्ही वर्षानुवर्षं एवढंच ऐकत आलो होतो. त्यामुळे गावानं आपला हिशेब बसवला होता. साहेब गप्प असतील तर सगळं ठीक आहे, आणि काही झालेलं नाही असं सांगायला आले तर नक्की काहीतरी झालंय.

आता तीच मथुरामावशी पुढे झाली.

"हरेश, वादळं काय आज बघतो आम्ही? माज्या लग्नाच्या साली अर्धं गाव उडालं, तवा कोन आलं नाय बोलवायला. आज तुजे साहेब एवढे मायाळू कसे झाले?"

"मावशी, या वेळचं वादळ वेगळं आहे."

"ते ऱ्हाऊ दे. एकच सांग. भट्टी चालू हाय का बंद?"

हरेशनं माझ्याकडे पाहिलं. मला त्या नजरेचा अर्थ तेव्हा कळला नाही.

"बंद आहे," तो म्हणाला. "सकाळीच बंद केली."

जो गलका झाला, त्यात त्याचं पुढचं बोलणं बुडून गेलं. का बंद केली? कोणी केली? आम्हांला का नाही सांगितलं? हरेश घसा फोडून सांगत होता, "अरे, वादळात बाहेरच्या विजेच्या तारा तुटतात, म्हणून आधीच बंद करतात! घाट उतरायच्या आधी ड्रायव्हर गाडी सावकाश करतो ना, तसं! काही झालेलं नाही!"

हे शेवटचे शब्द त्याच्या तोंडून निघाले आणि गाव त्याच्या हातातून गेलं. त्याच क्षणी गेलं. मला ते समोर दिसत होतं.

"फुटली!" कुणीतरी ओरडलं. "म्हनून तर हा बायकापोरं न्यायला आला!"

माणसं घरांकडे धावली. केशव टेम्पोकडे धावला. कुणी म्हणालं हायवेला चला, कुणी म्हणालं खाडीपलीकडं, आणि दोन्हीकडे जायचा रस्ता एकच, खाडीवरचा बांध. हरेश पारावरून उडी मारून त्यांच्या आडवा झाला. "बांधावरून जाऊ नका! पाणी सगळ्यात आधी तिथं येईल!" पण त्याला वळसा घालून लोक गेले. भट्टीत काम करायला लागल्यापासून त्याची बोलीसुद्धा जरा बदलली होती. त्या दिवशी ती सगळ्यांच्या कानाला खुपली असणार.

तो माझ्याजवळ आला. "मला परत जायला हवं. आत माणसं कमी आहेत. बंद केली तरी तिला थंड ठेवावं लागतं, पंप चालू ठेवावे लागतात. तू आबांना घेऊन वर जा. कसंही कर, पण ने."

मी त्याची बाही धरली. "हरेश, मला तरी खरं सांग. काही झालंय का आत?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "तूसुद्धा?"

मी त्याची बाही सोडली. त्यानं मोटरसायकलला किक मारली. मग वळून म्हणाला, "साहेबांनी बजावलं होतं, फक्त वादळाचं सांग, बंदचा विषय काढू नकोस. पण मावशीनं सरळ विचारलं. तोंडावर खोटं कसं बोलू?"

घरी आले तेव्हा आबा ओट्यावर उभे होते. गल्लीतून लोक गाठोडी घेऊन पळत होते. आबांना काय ऐकायचं होतं कोण जाणे, पण त्यांनी मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं.

"बंद केली म्हनून चारचौघांत बोलला?"

"हो."

"साहेबानं सांगितलं व्हतं तसं बोलायला?"

"नाही. साहेबांनी नको सांगितलं होतं."

आबांनी अर्धं सांधलेलं जाळं गुंडाळून खुंटीला अडकवलं. आत जाऊन सदरा घातला. बटणं लावताना त्यांचे हात सावकाश चालले होते आणि मला वाटत होतं, ओरडावं, लवकर करा म्हणून. बाहेर येऊन त्यांनी तनूचा हात धरला. "चल."

माझ्या जिवात जीव आला. मला वाटलं, हे यायचे नाहीत. त्यासाठी मी मनात किती वाक्यं जुळवून ठेवली होती.

गावाबाहेर फाटा आहे. डावीकडे टेकाडावरची कॉलनी, उजवीकडे बांध. आम्ही पोचलो तेव्हा सगळी रांग उजवीकडे चालली होती. माणसं, सायकली, दोन बैलगाड्या, रिक्षा. पाऊस आडवा मारत होता. डावीकडच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

आबांनी तनूचा हात माझ्या हातात दिला.

"तू पोरीला घेऊन वर जा."

"आणि तुम्ही?"

"मी येतो."

"आबा, हरेशनं बजावून सांगितलंय..."

"ऐकलं मी," ते म्हणाले आणि उजवीकडे चालायला लागले.

मी हाका मारल्या. तनूनं मारल्या. ते थांबले नाहीत. म्हाताऱ्या माणसाच्या मानानं फार भराभर चालले होते. वाऱ्यानं सदरा फुगला होता आणि ते त्या गर्दीत मिसळून गेले. खरं सांगते, मला दुःख नाही झालं तेव्हा, राग आला. म्हटलं, या माणसाला मरण चालेल, पण मुलाचं खरं मानणं चालणार नाही. ज्या दारात लाठ्या खाल्ल्या त्या दारात आसऱ्याला जाणार नाही. आणि नात, सून? त्यांची काही फिकीर?

मी तनूला उचललं आणि टेकाड चढले.

शाळेत कॉलनीतल्या बायका चहाच्या किटल्या घेऊन उभ्या होत्या. आलेलं माणूस म्हणजे आम्ही दोघी आणि गावातली एकदोन घरं. खिडकीतून खाली भट्टीचे घुमट दिसत होते. मी त्यांच्याकडे टक लावून बसले. हरेश खरं बोलतोय हे मला माहीत होतं, आणि तरी मी त्या घुमटांतून धूर निघायची वाट बघत होते. भीती अशीच असते. ती माहितीला जुमानत नाही.

मग समुद्र वर आला. लाट म्हणावी असं काही दिसलं नाही. पाणी नुसतं वाढत गेलं, जणू जमीनच खाली चालली होती. होळीचं मैदान गेलं. होड्या घरांच्या भिंतींवर आपटायला लागल्या. आमचं छप्पर मला ओळखू येत होतं, मग येईनासं झालं. बांध त्या खिडकीतून दिसत नव्हता.

थोड्या वेळानं शाळेच्या फाटकाशी गलका झाला. टेकाड चढून माणसं वर येत होती. चिंब भिजलेली, अनवाणी, पोरांना खांद्यावर घेतलेली. आणि ती तीच माणसं होती, जी माझ्यादेखत उजवीकडे गेली होती.

मी प्रत्येकाला विचारत सुटले. "आबा? आमचे आबा पाहिलेत?"

"तांडेलानं मागं फिरवलं," एवढंच जो तो म्हणत होता. "मागनं येत असंल."

शेवटी दोघांनी धरून मथुरामावशीला आणलं. तिचा एक हात कोपरापासून लोंबत होता. मला पाहिल्याबरोबर तिनं तोंड फिरवलं, आणि मग मला विचारायचं काही राहिलं नाही.

तिला बाकावर आडवं केलं. तिनं मला जवळ ओढलं.

"बांधाच्या तोंडाशी हात पसरून उभा ऱ्हायला तुजा सासरा," ती म्हणाली. "लोक म्हनले, म्हातारा खुळावला. तर तो वरडला, 'मागं फिरा! हरेश्वर बोलला ते खरं हाय. माजा पोर खोटं बोलत नाय!' गो, सगळे जागच्या जागी उभे. ज्या बापानं पोराशी बोलनं टाकलं, तोच सांगतो म्हनल्यावर कोन नाय ऐकनार? फिरले लोक."

"मग तू?"

"आमी केशवच्या टेम्पोत. आमी जरा पुढं गेलतो, त्याचं वरडनं ऐकू आलं, पन केशव थांबला नाय. बांधाच्या मोरीवर चाक अडाकलं. मागं म्हातारा दिसला, बांधावरनं चालत येताना. पानी पायाला लागत व्हतं तवाच. आला, आनि पोरं उतरवून घेतली. दोन फेऱ्या केल्या. माजा हात टेम्पोच्या फळीत आलता, तो सोडवला, मला धरून काठाला आनलं. मी म्हनलं, बुधाजी, बस कर. तर म्हनला, केशवची आय ऱ्हायली."

केशवची आई अंथरुणाला खिळलेली होती. केशव तिला टेम्पोत सोडून यायला तयार नव्हता.

"मंग?" मी विचारलं, तिच्याच बोलीत.

"मंग पानी आलं," मथुरामावशी म्हणाली.

हरेश दुसऱ्या दिवशी सकाळी आला. वादळ निघून गेलं होतं आणि लख्ख ऊन पडलं होतं, लाज वाटावी असं. भट्टीला काही झालं नव्हतं. या वेळी ते अगदी खरं होतं. पाणी भिंतीला लागलं आणि परत गेलं. आतले लोक रात्रभर पंपांजवळ उभे होते. हरेशचे डोळे तांबडे झाले होते. आबा बांधावर गेले आणि परतले नाहीत, एवढं त्याला गेटावरच कळलं होतं. तो वर्गात येऊन लहान मुलांच्या बाकावर बसला. गुडघे छातीशी आले होते.

"गेलेच ना शेवटी तिकडं," तो म्हणाला. "माझं नाही, निदान तुझं तरी ऐकायचं होतं."

तो रडत नव्हता. फक्त पायाखालच्या फरशीकडे बघत होता, आणि मला कळेना की सांगू की नको. त्याला जे वाटत होतं त्यात निदान राग तरी होता, आणि रागाला धरून माणूस उभा राहू शकतो. मी सांगणार होते ते ऐकून तो कशाला धरणार होता? पण ते माझ्याकडे ठेवण्यासारखंही नव्हतं. ते त्याचं होतं.

मी त्याच्यासमोर फरशीवर बसले आणि मथुरामावशीनं सांगितलं तसं सगळं सांगितलं.

"शब्द सांग," तो म्हणाला. "काय म्हणाले ते शब्द सांग."

"हरेश्वर बोलला ते खरं हाय. माजा पोर खोटं बोलत नाय."

"माझं नाव घेतलं?"

"घेतलं."

"माझा पोर म्हणाले?"

"हो, हरेश."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तनू येऊन त्याच्या पाठीला चिकटली. मग हात न काढताच तो म्हणाला, "मी चालू आहे म्हटलं असतं, तर कुणी बांधाकडे पळालंच नसतं."

मी एवढंच म्हटलं, "तू खोटं बोलला असतास तर ते उद्या कधीतरी कळलं असतं, आणि मग पुढच्या वादळात कुणी तुझं ऐकलं नसतं." पुढच्या वादळाचं त्याला काय होतं? त्याचा बाप या वादळात गेला होता.

आबा दोन दिवसांनी तिवरांच्या जंगलात सापडले. केशव आणि त्याची आई जवळजवळच होते. वर्तमानपत्रात प्रकल्पाच्या भिंतीचा फोटो आला, वादळाला पुरून उरलेली भिंत म्हणून. खाली वरसाळ्यातल्या तीन बळींची बातमी होती. वादळाचे बळी, असं लिहिलं होतं. दुसरं काय लिहिणार?

पुढे घर नव्यानं बांधलं. हरेश भट्टीतच राहिला. गावानं त्याला कधी बोल लावला नाही, उलट मान दिला, आणि तो मान घेताना त्याला नेहमी अवघडल्यासारखं व्हायचं. घरात तो बोलेनासा झाला. मात्र मथुरामावशी आली की तो कामावरून आलेला असो, दमलेला असो, तिच्यासमोर पाट घेऊन बसायचा. "मावशी, आबा बांधावर काय म्हणाले?" आणि तिचा वाकडा जुळलेला हात हलवत मावशी सांगायची.

पहिल्या वर्षी ते दोनच वाक्यांचं होतं. मग त्यात थोडी भर पडायला लागली. एकदा मावशी म्हणाली, "म्हनला, लहानपनापासनं कदी खोटं नाय बोलला माजा हरेश." पुढे कधीतरी, "म्हनला, जागेसाठी भांडलो ते बरोबर, पन पोराशी नव्हतं भांडायचं." शेवटी शेवटी तर आबा त्या वाऱ्यापावसात, कमरेभर पाण्यात, चांगलं दहा मिनिटं मुलाबद्दल बोलत उभे असायचे. मी मावशीकडे बघायची. मावशी माझ्याकडे बघायची नाही. हरेशला कळत होतं. न कळण्याइतका तो भोळा नाही. भर मैदानात ज्याला एक शब्द खोटा बोलता आला नाही, तो डोळे मिटून ऐकत राहायचा, आणि ती थांबली की म्हणायचा, "आणखी काय म्हणाले?"

गेल्या पावसाळ्यात मथुरामावशी गेली.

परवा रविवारी जेवणं झाली. तनू तिच्या सासरी, घरात आम्ही दोघंच. मी भांडी आवरत होते.

"कुंदा," हरेश म्हणाला, "आबा बांधावर काय म्हणाले ते सांग ना."

मी बांधावर नव्हते. त्याला ते माझ्याइतकंच ठाऊक आहे. मी पदराला हात पुसले, त्याच्याजवळ जाऊन बसले आणि सांगायला लागले.